खुलासा : ऑलिव्ह तेलाने पित्ताशयातले खडे पडत नाहीत

‘सफरचंदाचा रस प्या, मग एप्सम सॉल्ट (जुलाब होण्यासाठी घेतात ते मीठ), रात्री ऑलिव्ह तेलात लिंबू, सकाळी शौचातून हिरवे खडे पडतात, ऑपरेशन टळते’ हा संदेश फिरतो आहे. हे खरे नाही.

पडतात ते हिरवट गोळे पित्ताचे खडे नसतात. तेलातली स्निग्धाम्ले (फॅटी ॲसिड) आणि लिंबाच्या रसातले पोटॅशियम यांचा पोटात साबण बनतो. 2005 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशाच गोळ्यांची तपासणी छापून आली, ते 40 अंशांना वितळून तेलकट झाले. पित्ताशयातला कोलेस्टेरॉलचा खडा असा वितळत नाही. खात्री हवी तर सोनोग्राफी पुन्हा करा, खडे जागच्या जागीच दिसतील.

भरपूर पाणी पिऊन खडा पडतो तो मूत्रमार्गातला. पित्ताशयाचा त्या वाटेशी संबंधच नाही. उलट एवढ्या तेलाने पित्ताशय जोरात आकुंचन पावते. खडा पित्तनलिकेत अडकला तर कावीळ, स्वादुपिंडाला सूज. जिवावर बेतू शकते.

त्रास नसलेल्या बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही. पण उजव्या बरगडीखाली थांबेना अशी कळ, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, यांपैकी काहीही असेल तर कृपया त्याच दिवशी दवाखाना गाठा.