कूबर पेडीला ‘कुठेही खणा’ म्हणणाऱ्यांनो, आधी हे वाचा

रविवारी सकाळी ताईनं घरच्या ग्रुपवर एक रील टाकलं. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं कूबर पेडी, वाळवंटातलं, ओपल या रत्नाच्या खाणींचं गाव. सोबत मराठीत मजकूर: अख्खं गाव जमिनीखाली राहतं, घरं सरकार फुकट देतं, विजेचं बिल येत नाही, तिथली मुलं सूर्य न बघता मोठी होतात, आणि पर्यटकांनी कुठेही खणावं, सापडेल तो ओपल ज्याचा त्याचा. खाली ताईचा निरोप: “जानेवारीत येतोच आहोत, तर पोरांना घेऊन जाऊ. एक छोटी कुदळ घेऊन ठेव.”

मी कुदळ घेणार नाही. बाकीच्या थापा एक वेळ सोडून देता येतील, पण ते ‘कुठेही खणा’ जिवावर बेतणारं आहे.

मी ॲडलेडला राहते. तिथून कूबर पेडी साधारण ८५० किलोमीटर, आधी पोर्ट ऑगस्टा गावापर्यंत आणि पुढे स्टुअर्ट हायवेनं उत्तरेकडे. गाव जवळ आलं की दोन्ही बाजूंना पांढुरक्या मातीचे ढीग दिसायला लागतात, पीठ ओतून ठेवल्यासारखे, नजर पोचेल तिथवर. ती खाणीतून काढलेली माती. म्हणजे जिथे ढीग, तिथे जवळच खड्डा. १९१५ साली सोनं शोधायला आलेल्या टोळीतल्या विली हचिसन या १४ वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडला. तेव्हापासून लोक खणतायत आणि आज गावाभोवती असे अडीच लाखांवर खड्डे असल्याचं सांगतात. मी गाईडबरोबर एक पाहिला. जेमतेम मीटरभर रुंद, ना कठडा, ना झाकण, काठची माती भुसभुशीत. दहा पावलांवरून तो दिसतसुद्धा नव्हता. काही खड्डे ३० मीटरपर्यंत खोल आहेत, म्हणजे दहा मजली इमारतीएवढे. तिथल्या पाट्यांवर लिहिलंय: पळू नका, उलटं चालू नका. उलटं कोण चालतं? पोरांचा फोटो नीट यावा म्हणून मोबाइल धरून मागे मागे सरकणारा बाप चालतो. आपले दाजी प्रत्येक सहलीत हेच करतात.

आणि कायद्याचं काय? दक्षिण ऑस्ट्रेलियात ओपलच्या खाणकामाचा १९९५ चा स्वतंत्र कायदा आहे. ओपलसाठी खणायचं तर परवाना काढावा लागतो, खुंट्या ठोकून जागा नोंदवावी लागते. दुसऱ्यानं नोंदवलेल्या जागेत शिरून खणणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय.

यात खरं एवढंच, की उपसलेल्या मातीत हातानं ओपल शोधायला, ज्याला तिथे ‘नूडलिंग’ म्हणतात, गावातच ‘ज्वेलर्स शॉप’ नावाची एक जागा सगळ्यांना मोकळी आहे. तिथे जा, मातीत बसा, पोरांना बसवा.

आता घरांबद्दल. सरकार कुणाला फुकट घर देत नाही. ही घरं इतर घरांसारखीच विकत घ्यावी लागतात. साधारण निम्मे लोक जमिनीखाली राहतात, बाकीचे वरच. शाळा, दवाखाना, पेट्रोल पंप सगळं वर आहे. आणि ‘जमिनीखाली’ म्हणजे शिडीनं विहिरीत उतरणं नव्हे. टेकडीच्या पोटात आडवं कोरलेलं घर असतं, समोरून दारानं चालत आत जायचं. मुलं रोज उन्हातून शाळेत जातात, त्यांना सूर्य चांगला माहीत आहे.

एसी लागत नाही हे मात्र खरं, मान्य करते. बाहेर ४५ अंश असताना आत २३ ते २५, कारण खडक उन्हाची धग आतवर पोचूच देत नाही. घर वाढवताना भिंतीत ओपल सापडल्याच्या गोष्टीही खऱ्या आहेत. पण दिवे, फ्रिज, वॉशिंग मशीन विजेवरच चालतात आणि बिल येतं. पाणी तर त्याहून जपून वापरतात: बोअरचं खारं पाणी गोडं करून नळाला सोडतात.

तर ताई, जानेवारीत तिथे पोरांना नेणं विसर, तो इथला ऐन उन्हाळा. मे महिन्यात ये. तुमच्याकडे सुट्टी असेल आणि इथे हवा गार झालेली असेल. कुदळीऐवजी मी दोन चाळण्या आणून ठेवते. आणि तो मेसेज आधी ग्रुपवरून काढून टाक, आत्त्यानं तो तिच्या सोसायटीत पाठवलाय.