बारावी जर्सी

सकाळपासून डोकं तापलं आहे. गावच्या बास्केटबॉल टीमची यादी ग्रुपवर पडली. बारावं नाव भाऊंचं, वय 47. लगेच एका पोट्ट्यानं लिहिलं, "भाऊ काऊन? बाकावर बसाले?" खाली हसऱ्या तोंडांची रांग.

अरे लेको, डिफेन्सला चेंडूकडं नाही, समोरच्याच्या कमरेकडं पाहायला तुम्हाला कोणी शिकवलं? "चेंडू फसवते, डोये फसवतात, कंबर नाही फसवत." पाठ आहे न सगळ्यांना?

मला तर हात बांधून शिकवलं. मी टीममध्ये नवा, भाऊ कॅप्टन. कापसाच्या हंगामात जिनिंगची रात्रपाळी करून पहाटे थेट मैदानावर यायचे, केसांत कापूस तसाच. एक दिवस खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझा उजवा हात कमरेला करकचून बांधला. "मार डाव्यानं. शंभर झाल्याबिगर गाठ सुटत नाही." पहिले तीस तर बोर्डालाही लागले नाहीत. भाऊ हसले नाहीत, चिडलेही नाहीत. नुसता चेंडू आणून देत राहिले.

रील्स पाहता तर अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या मायामी हीट टीमचा युडोनिस हॅस्लेमही पाहा. 2003 ते 2023, वीस सीझन एकाच टीमकडून. 2020-21 मध्ये एकच मॅच खेळला, तीन मिनिटंही नाही, त्यातही भांडणापायी रेफरीनं बाहेर काढलं. तरी टीमनं पुन्हा करार केला! येडे होते का ते? ड्रेसिंग रूममध्ये नव्या पोरांचे कान धरायला माणूस लागतो. 2024 मध्ये त्याची 40 नंबरची जर्सी त्यांनी मानानं छताला टांगली. आणि आपण? अंगावरची उतरवायला निघालो.

तिथलाच सॅन अँटोनियो स्पर्स टीमचा डेव्हिड रॉबिन्सन 1995 चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वात भारी खेळाडू. 1997 मध्ये टिम डंकन आला, तर यानं हळूहळू टीमच त्याच्या हाती दिली. 1999 ला दोघं मिळून चॅम्पियन. आपल्याकडचा स्टार असता तर नव्या पोराला पास तरी दिला असता का?

बाराव्या जागेवर एखादा पोरगा बसला असता, मान्य. नव्या पोरांकडून नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरून घेणारे सीनियरही ढिगानं आहेत, तेही मान्य. भाऊ त्यातले नाहीत. बस.

खरं सांगू? राग पोट्ट्यांवर कमीच आहे. वीस वर्षांपूर्वी तालुक्याची फायनल मी डाव्या हाताच्या लेअपवर, म्हणजे पळत जाऊन बास्केटजवळून टाकलेल्या चेंडूवर, जिंकून दिली. त्याच डाव्या हाताच्या. गावात मिरवणूक निघाली, मी ट्रॅक्टरवर, गुलालानं माखलेला. मागं भाऊ सायकल हातात धरून पायी येत होते. मला दिसले होते. मी वर बोलावलं नाही.

दुपारी फोन केला. "भाऊ, ग्रुप पाह्यला का?"

"पाह्यला न बे. लिहिणाऱ्या पोट्ट्याचा डावा हात लय कच्चा आहे. उद्या पाच वाजता धाड त्याले. दुपट्टा मी आणतो."