नव्या घोड्याला जुनेपणाचं सोंग कशाला?

नमस्कार दादा,

मी केलेल्या जुन्या बंदुकीच्या दुरुस्तीवर तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, उत्तरही तसंच देतो. तुमचा आक्षेप असा: बेल्जियममधल्या लिएज शहरात बनलेल्या दुनळी बंदुकीचा हरवलेला डावा घोडा (पिनेवर आपटून बार उडवणारा भाग) नवा बसवला, पण उजव्यासारखी वेलबुट्टी कोरली नाही. नळ्यांना निळी झिलई दिली नाही. एवढं करून बंदूक वाजवायचीही नाही, मग हा खटाटोप कशाला?

‘जुना सुटा घोडा आणायचा होतात,’ हे लिहायला सोपं. तेव्हा लिएजची बंदूक एका छपराखाली बनत नसे. नळ्या वेस्द्र नदीच्या खोऱ्यातल्या, बाकीचे भाग कारागिरांनी आपापल्या घरी कानस मारून केलेले. एकाच दुकानाच्या दोन बंदुकींचे घोडेही अदलाबदल होतील याची खात्री नाही. म्हणून इथल्या गनस्मिथच्या (बंदूक-कारागिराच्या) देखरेखीखाली नवा घोडा पोलादाच्या ठोकळ्यातून काढला. खरा जीव खाल्ला घोड्याच्या चौकोनी भोकाने. आतल्या अक्षाच्या चौकोनाला काजळी लावायची, घोडा चढवून काढायचा, काळा डाग दिसेल तिथेच कानस फिरवायची. भोक केसभर तिरकं झालं तरी घोड्याचं नाक पिनेवर न पडता बाजूला पडतं.

त्यावर वेलबुट्टी कोरून, मुद्दाम गंज चढवला असता तर उद्या विकत घेणारा फसला असता. घोड्याच्या आतल्या बाजूला चालू साल ठोकलंय. बाहेरून साधाच राहील.

निळ्या झिलईला माझा ठाम नकार. या दमास्कस नळ्या आहेत: लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या पट्ट्या दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकलेल्या. त्यांचा रंग तपकिरी. दोन नळ्यांमधली पट्टी शिसं-कथलाच्या डाखाने धरलेली असते आणि झिलईचं उकळतं क्षारद्रावण तो डाखच खातं. चकाकीसाठी घासाल तर नळीची जाडी जाते ती वेगळीच.

वाजवण्याचं म्हणाल, तर नळीखालचे शिक्के बघा. लांबट गोलात ‘ईएलजी’ (लिएजच्या चाचणीगृहाची खूण) आणि तारा आहे, वर मुकुट नाही. मुकुट 1893 पासून आला, म्हणजे बंदूक त्याआधीची. धूररहित दारूच्या चाचणीचा सिंह आणि ‘पीव्ही’ कुठेच नाही. शिवाय काडतुसाचं घर 65 मिलिमीटरचं. आजचं 70 चं काडतूस त्यात मुकाट्याने बसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हे तुमचं वाक्य म्हणूनच मला धोक्याचं वाटलं.

आणि तुमच्या आजोबांची दुनळी भारतात असेल, तर कानस घेऊन घरी बसू नका. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. अशाच परवानाधारकाकडे द्या.

दस्त्याच्या तेलाबद्दल विचारलंत. अक्रोडाच्या लाकडाला जवसाचं तेल, अगदी थेंबभर, तळहाताने चोळून. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.