‘आरएफ म्हणजे मोठा मायक्रोवेव्हच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सुरीमीचे (धुतलेल्या माशाच्या लगद्याचे) गोठलेले ब्लॉक आरएफने, म्हणजे रेडिओ लहरींनी, डीफ्रॉस्ट करण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “आरएफ म्हणजे नुसता मोठा मायक्रोवेव्ह, कडा शिजतात आणि मधे बर्फच राहतो. यंत्र महाग, वाहत्या पाण्यात काम भागतं. लेखकाने कारखान्याचं दार तरी पाहिलंय का?”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते लागलं. मतभेद असू द्या, पण ओळख ना पाळख, एकदम लायकीच काढायची ही कुठली रीत? बारा वर्षं गोठलेल्या ब्लॉकमध्ये ड्रिलने भोकं पाडून तापमान मोजतोय. दार पाहिलंय.

एक चूक मान्य. ‘सगळीकडे सारखं तापतं’ असं लिहिलं होतं, ‘मायक्रोवेव्हपेक्षा बरंच सारखं’ असं हवं होतं. दुरुस्ती केली आहे.

आता ‘मोठा मायक्रोवेव्ह’. घरातला मायक्रोवेव्ह 2450 मेगाहर्ट्झचा, तरंगलांबी जेमतेम 12 सेंटिमीटर. पेटीत लाटा भिंतींवर आपटतात आणि कुठे जास्त, कुठे कमी तापतं. वरचा थर वितळला की पुढची बरीचशी ऊर्जा त्या एक-दोन सेंटिमीटरातच जिरते. आरएफ बहुधा 27.12 मेगाहर्ट्झवर चालतं, तरंगलांबी 11 मीटर. धातूच्या दोन पाट्या आणि मधे ब्लॉक, म्हणजे सरळ कपॅसिटर. 10 किलोच्या ब्लॉकच्या गाभ्यापर्यंत ऊर्जा पोचते ती यामुळे.

कडा शिजतात, पण का ते तुम्ही लिहिलं नाहीत. बर्फ ऊर्जा फार कमी शोषतो, पाणी भरपूर. कोपऱ्यात विद्युतक्षेत्र एकवटतं, तिथे आधी पाणी सुटतं आणि मग तोच कोपरा आणखी ऊर्जा ओढत राहतो. म्हणून पूर्ण वितळवायचंच नाही. उणे 18 वरून उणे 4 च्या आसपास आणायचं आणि थांबायचं, म्हणजे टेंपरिंग. तेवढ्यावर कटर चालतो. चरबी नसलेल्या मांसाला इथवर किलोमागे साधारण 65 ते 70 किलोज्यूल लागतात, पूर्ण वितळवायला अडीचशेच्या घरात. धोका त्या उरलेल्या भागात आहे.

बाकी बिघाड मांडणीत होतो. ब्लॉक पट्ट्यावर एकमेकांना भिडवून ठेवा, उघडे कोपरे कमी होतात. वरची बाजू उंचसखल असेल तर उंचवटा वरच्या पाटीजवळ जातो आणि तोच जास्त तापतो. खोक्याला धातूची पट्टी किंवा पिन राहिली तर ठिणगी पडू शकते. आणि नेहमीची चूक म्हणजे माल उतरवायच्या फलाटावर रेंगाळून बाहेरून उणे 8 पर्यंत चढलेले ब्लॉक थेट उणे 18 च्या खोलीतून आलेल्यांबरोबर एकाच फेरीत घालणं. खोकी दिसायला सारखीच. बाहेर आल्यावर मात्र पहिल्याचा कोपरा रबरासारखा झालेला असतो, बोटाने दाबला की परत उसळतो. असा ब्लॉक पाहून यंत्राला नावं ठेवणं सोपं आहे, फेरी लावताना तापमान घ्यायला हवं होतं.

किंमत आणि वाहतं पाणी, दोन्हींचा हिशेब लेखाच्या दुसऱ्या भागात आहे. तो न वाचता लिहिलेल्या वाक्याला पुन्हा उत्तर देत बसणार नाही.

शिजलेल्या कडा तुम्ही स्वतः पाहिल्या असतील, तर आत जाताना आणि बाहेर येताना कोपऱ्याचं आणि गाभ्याचं तापमान किती होतं ते लिहा. त्यावर बोलू.