‘आधी आमच्या पोरांना काम द्या’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

दादा, नमस्कार.

सांगली-मिरज-कुपवाडच्या कारखान्यांना नवं काही बनवायचं असेल, तर दुसऱ्या देशांतली अनुभवी माणसं इथे आणायला आणि इथे टिकवायला आपण शिकलं पाहिजे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचली. एमआयडीसीत उभं आयुष्य काढलेला माणूस बोलतोय हे ओळीओळीत जाणवतं. म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. डिग्री घेतलेली आपली पोरं तुटपुंज्या पगारावर राबतात, नाहीतर पुण्याची गाडी धरतात. अशा वेळी परदेशी माणसाला लाखांनी पगार देणं हा त्या पोरांचा अपमान आहे. शिवाय सांगलीत तो येणार कशाला, आणि आला तरी राहणार किती दिवस? शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘तासगावचा बेदाणा कुठल्याही परदेशी साहेबाशिवाय मोठा झाला.’

बेदाण्यापासूनच सुरू करतो, कारण तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा तोच आहे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायची, मग सावलीत जाळ्यांच्या रॅकवर पसरायची, ही आपल्या शेडमधली पद्धत मुळात ऑस्ट्रेलियातल्या बेदाणा उत्पादकांच्या वाटेने आली. द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर त्या द्रावणाने मोकळा होतो, आतलं पाणी लवकर निघून जातं आणि साधारण पंधरवड्यात माल तयार होतो. त्यासाठी कुणा ऑस्ट्रेलियन माणसाला सावळजला घर करून राहावं लागलं नाही. प्रमाण कागदावर लिहिता येत होतं. बाकीचं आपल्या शेतकऱ्याने स्वतःच्या हिमतीवर केलं, आणि तास-ए-गणेशसारखं द्राक्षाचं वाणही याच मातीत निवडून काढलं. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. जे कागदावर येतं त्यासाठी माणूस आणायची गरज नसते.

पण दादा, तुम्ही फाउंड्रीतले, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतणाऱ्या कारखान्यातले आहात. ओतकामातलं किती कागदावर येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी मी एका फाउंड्रीत क्वालिटीला होतो. नाव सांगत नाही. पंपाच्या बॉडी मशिनिंगला गेल्या की ब्लो होल, म्हणजे धातूत अडकलेल्या वायूच्या पोकळ्या, उघडे पडायचे. माल परत यायचा, आणि दोष कधी वाळूवाल्याच्या माथी, कधी कोअरवाल्याच्या (कोअर म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) माथी मारला जायचा. तेव्हा मालकांनी स्पेनमधले साठीला टेकलेले एक ओतकाम तज्ज्ञ आणले. पहिले काही दिवस ते कुणाशी फार बोललेच नाहीत. मिक्सरपाशी उभे राहून मुठीत वाळू घ्यायचे, दाबायचे, मोडायचे. मग त्यांनी दर तासाला वाळूचा ओलावा आणि तापमान लिहायला लावलं, आणि प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबरबरोबर (धातूच्या त्या वितळणीचा क्रमांक) मोल्डची, म्हणजे साचा बनवल्याची, वेळ टाकायला लावली. रिजेक्ट झालेला तुकडा नेमका कुठल्या घाण्याच्या वाळूतला, ते त्यामुळे कळायला लागलं. कारण निघालं ते असं: टनेज (दिवसाला किती टन माल निघाला तो आकडा) गाठायच्या घाईत शेकआउटची, म्हणजे साचा मोडून निघालेली, गरम वाळू थंड न होताच मिक्सरला परत जात होती. गरम वाळूत ओलावा एकसारखा बसत नाही. तिची वाफ थंड कोअरवर धरते, आणि धातू ओतला की तिथेच वायू अडकतो. हे पुस्तकात आहे, आमच्यातल्या इंजिनिअरांनी वाचलेलंही होतं. तरी मिक्सरपाशी उभं राहून ते ओळखायला तीस-पस्तीस वर्षं त्यातच घालवलेला माणूस लागला. त्यांच्या हाताखाली आयटीआयची दोन पोरं होती, एक कवठेपिरानचा आणि एक मालगावचा. आज ते दोघं वाळू मुठीत घेतात आणि आकडा सांगतात. हे त्यांना कुठल्या पीडीएफमधून मिळालेलं नाही.

आता तुमच्या पहिल्या मुद्द्याकडे येतो. परदेशी माणूस आपल्या पोराची खुर्ची घेतो का? आपल्या सरकारचे नियमच त्याला पुरेशी आडकाठी घालतात. ज्या कामासाठी पात्र भारतीय भरपूर आहेत, किंवा जे नेहमीचं कारकुनी स्वरूपाचं आहे, त्या कामासाठी रोजगार व्हिसा द्यायचा नाही असं धोरण आहे. त्यावर वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये पगाराची अट आहे. परदेशी भाषा शिकवणारे, दुभाषे, आपल्या देशाचा खास स्वयंपाक करणारे आचारी अशांना तेवढी सूट आहे. म्हणजे पंधरा-वीस हजारांच्या जागेवर परदेशी माणूस बसवणं कायद्यानेच शक्य नाही. ज्या पोरांची तुम्हाला काळजी आहे, त्यांच्या ताटातलं तो काही घेत नाही. त्यांचा पगार तुटपुंजा राहतो, कारण आपण अजूनही बहुतेक जॉबवर्क करतो, ड्रॉइंग दुसऱ्याचं आणि भाव दुसऱ्याने ठरवलेला. स्वतःचं उत्पादन असेल तरच कारखानदाराच्या हातात पगार वाढवण्याइतका पैसा राहतो. नव्या कल्पनांची आणि त्या तडीस नेणाऱ्या माणसांची गरज मला एवढ्यासाठीच वाटते.

‘सांगलीत येणार कोण?’ हा प्रश्न वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण आपण आपलाच इतिहास विसरलो आहोत. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांनी हॉस्पिटल उभं केलं. ते मिशनरी होते, पगाराच्या पॅकेजसाठी आले नव्हते, हे तुम्ही म्हणालच, आणि ते बरोबरही आहे. तरी त्यांचं इथलं वागणं बघा. १८९७ च्या सुमारास त्यांनी इथल्याच मुलांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली. जवळजवळ चार दशकं ते राहिले, आणि गेले तेव्हा मागे शिकलेली माणसं होती. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, ते याच वातावरणात. आज सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही पेशंट मिरजेला येतात. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर, नर्सिंगच्या मुली, औषध दुकानदार, खानावळवाले हे सगळे आपलेच लोक आहेत. वानलेसवाडीवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे आठवतं?

औंधचं उदाहरण तर मला त्याहून जवळचं वाटतं. साताऱ्याकडचं छोटं संस्थान, उत्पन्न बेताचं. बेळगावात जागा गेल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला, आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकले, १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले आणि त्याच माळावरच्या कारखान्यात कामाला लागले. याच संस्थानात पुढे मॉरिस फ्रिडमन आले. वॉर्सामध्ये जन्मलेले हे पोलिश इंजिनिअर म्हैसूर संस्थानच्या विद्युत कारखान्यात होते. राजाचे चिरंजीव आप्पासाहेब पंतांशी स्नेह जुळला आणि ते औंधच्या कामात ओढले गेले. १९३९ ची औंधची ग्रामराज्याची राज्यघटना घडवण्यात त्यांचा हात होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत उभी राहिली, तीही त्यांच्या कल्पनेतून आणि खटपटीतून. आटपाडीसारख्या दुष्काळी भागात पोलंडचा इंजिनिअर गेला, कारण राजाने त्याला नुसतं पाहुणा म्हणून ठेवलं नाही. त्याच्या कल्पनेवर विश्वास टाकला, जमीन दिली, करून बघायला मोकळीक दिली.

नेमकं हेच आज आपल्याकडून होत नाही. त्या स्पॅनिश तज्ज्ञांनी एकच गोष्ट मागितली होती: वाळू ठरलेल्या तापमानाच्या वर गेली तर लाइन थांबवायचा अधिकार. वरून होकार मिळाला. पण रोज संध्याकाळी सुपरवायझरला विचारलं जायचं ते टनेजच. मग सुपरवायझर कुणाचं ऐकणार? करार संपायच्या आत ते तज्ज्ञ काम सोडून परत गेले. जाताना पैशाबद्दल एक शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

घरचीही बाजू होती. त्यांच्या पत्नी विश्रामबागच्या फ्लॅटवर दिवसभर एकट्या. तो फ्लॅट मिळायलाही फार त्रास झाला, कारण परदेशी भाडेकरू ठेवला की २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरून कळवावं लागतं, आणि पोलिसांचं नाव निघालं की घरमालक हात जोडतात. प्रत्यक्षात तो ऑनलाइन भरायचा साधा फॉर्म आहे. व्हिसा १८० दिवसांहून मोठा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची, आणि आपल्यासारख्या जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. अर्ज पोर्टलवर होतो, पण कागद कुठले जोडायचे हे सांगणारं कारखान्यात कुणी नसतं. प्रॉव्हिडंट फंडाचा काटा आणखी वेगळा. परदेशी कामगाराचा फंड १५ हजारांच्या मर्यादेवर नाही, पूर्ण पगारावर कापला जातो. त्याच्या देशाशी आपला सामाजिक सुरक्षा करार नसेल तर ती रक्कम साधारणपणे ५८ व्या वर्षापर्यंत अडकते. जर्मनी आणि जपानशी असे करार आहेत. या तरतुदीवरून कोर्टात वादही झाले आहेत. माणूस बोलावण्याआधी हा हिशेब त्याच्यासमोर मांडला नाही, तर पहिल्याच पगाराच्या चिठ्ठीला विश्वास तुटतो.

तैवानने हे फार आधी ओळखलं. १९८० मध्ये त्यांनी शिंचूचं विज्ञान उद्यान काढलं, आणि अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या इंजिनिअरांना परत बोलवायला सुरुवात केली. जमीन आणि करसवलत बरेच देश देतात. त्यांनी १९८३ मध्ये उद्यानाच्या शेजारीच शाळा काढली, आणि परतणाऱ्यांच्या मुलांसाठी तिथे दोन भाषांत शिकवायची सोय झाली. बाप परत यायला तयार असतो, अडतं ते मुलाच्या शाळेवर, हे त्यांना कळलं होतं. चिप उद्योगातले मॉरिस चँग १९८५ मध्ये अमेरिकेतून तैवानला गेले. १९८७ मध्ये त्यांची टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी उभी राहिली. आज जगभरच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये त्या कंपनीत बनलेल्या चिप्स असतात.

आपल्याला तेवढं मोठं काही करायचं नाही. कुपवाडच्या आणि मिरजेच्या कारखानदारांच्या संघटनेने मिळून एक माणूस नेमावा, जो घर, भाडेकरूचा फॉर्म, नोंदणी, बँकेचं खातं, फंड आणि मुलांची शाळा एवढंच बघेल. एकट्या छोट्या कारखान्याला हे परवडत नाही, पण पंधरा-वीस जण मिळून सहज परवडेल.

पगाराचं म्हणाल, तर कायमचा माणूस परवडत नसेल तिथे दुसरी वाट आहे. जर्मनीत बॉन इथे ‘सीनिअर एक्स्पर्टेन सर्व्हिस’ नावाची संस्था १९८३ पासून निवृत्त तज्ज्ञांना जगभर थोड्या मुदतीसाठी पाठवते. ते मानधनाशिवाय काम करतात. इथलं राहणं-खाणं मुख्यतः बोलावणाऱ्याने बघायचं असतं. एक ओतकामवाला आणि एक टूलरूमवाला सहा आठवडे येऊन गेला, तरी कुठे अडतंय ते कळेल.

आणि दादा, ‘परदेशी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गोरा साहेबच येतो. मला त्यात स्टुटगार्टमध्ये राहणारा आपल्या पलूसचा मुलगाही दिसतो, आणि डेट्रॉइटची कराडची मुलगीही. अनेकांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) आहे. त्यांना नोकरीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, की नोंदणीचे खेटे घालावे लागत नाहीत. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. माळावर बाग लावायचं स्वप्न घेऊन येणाऱ्याला हे आधीच सांगितलेलं बरं. वडील थकलेत म्हणून परत यायचंय, पण इथे आपल्या योग्यतेचं काम नाही, असं सांगणारे मला दर दिवाळीत भेटतात. पहिला फोन मी त्यांनाच करीन.

अपमानाबद्दल मात्र थोडं जास्त बोलतो. खानापूर, विटा, आटपाडी भागातले गलाईवाले आठवा. दुष्काळाने गावं रिकामी केली, आणि ही माणसं सोनं-चांदी गाळायचं कसब घेऊन केरळपासून दिल्लीपर्यंत गेली. भाषा येत नव्हती, कुणी ओळखीचं नव्हतं. तिथल्या सराफांनी त्यांना दुकानाशेजारी जागा दिली, सोन्यावर विश्वास टाकला, त्यांच्या पोरांना शाळेत घेतलं. यात तिथल्या कारागिराचा अपमान झाला असं आपण कधी म्हटलं नाही. उलट यात्रेला ते गावी आले की आपण अभिमानाने त्यांचं नाव घेतो. आपल्या माणसांना परक्या गावांनी जे दिलं, ते बाहेरून कसब घेऊन येणाऱ्याला सांगलीने का देऊ नये?

राहिला प्रश्न आपल्या पोरांचा. तुमच्या प्रतिक्रियेतली ही काळजी मला शंभर टक्के मान्य आहे, आणि मागच्या लेखापेक्षा इथे ती ठळक लिहितो. बाहेरचा तज्ज्ञ आणायचा तर करारातच लिहायचं, की त्याच्याबरोबर पहिल्या दिवसापासून दोन स्थानिक मुलं राहतील, एक डिग्रीचा आणि एक आयटीआयचा. तो गेल्यावर त्यांना त्या कामाचा हुद्दा मिळेल आणि त्या हुद्द्याचा पगारही. आमच्या फाउंड्रीत पहिली गोष्ट आपोआप घडली. दुसरी घडलीच नाही, आणि मालगावचा मुलगा वर्षभरात चाकणला गेला. वालचंदच्या आणि इस्लामपूरच्या कॉलेजांनी अशा तज्ज्ञाला आठवड्यातून एक दुपार वर्गात बोलवावं. तुम्ही पंचविशीतल्या पोरांसाठी भांडताय. ते भांडण या कराराच्या कलमासाठी झालं तर मी तुमच्याबरोबर उभा आहे. तुमच्या शॉपमध्ये मोल्डिंगला आणि मेल्टिंगला असे कोण आहेत, ज्यांना तुम्ही स्वतः अशा माणसाच्या हाताखाली द्याल? कळवा. पुढचा लेख त्यांच्याशी बोलूनच लिहीन.