पासिंगचं श्रेय आधी त्या पाच धिप्पाड गड्यांना द्या

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जवळ आला की आमच्या ग्रुपवर एकच विषय: कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा गडी) महोम्सचा हात. हात भारीच आहे, वादच नाही. पण नुसत्या हातावर पासिंग चालतं, हे मला अजिबात मान्य नाही. त्याच्यासमोर भिंतीसारखी उभी राहणारी पाच जणांची लाइनही हवीच.

फेब्रुवारी २०२१ चा सुपर बोल आठवा. कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे गडी), फिशर आणि श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर. समोरच्या टॅम्पा बेने फारसा ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा गडी सोडणं) केलाच नाही. पुढचे चौघेच घुसत होते, मागे सात जण रिसीव्हर्सवर (पास झेलणाऱ्यांवर) पहारा द्यायला मोकळे. महोम्स सामनाभर जीव मुठीत धरून पळतोय! ३१-९ ने हरले, एकही टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये, म्हणजे समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) नाही.

त्यानंतर क्लबने काय केलं? थुनी, ब्राउन, हम्फ्री, ट्रे स्मिथ असे नवे गडी आणून लाइनच नव्याने उभी केली. आणि २०२२ मध्ये टायरीक हिलसारखा वाऱ्याच्या वेगाचा रिसीव्हर चक्क मायामीला देऊन टाकला. लोकांनी कपाळाला हात लावला. त्या सीझनला फिलाडेल्फिया ईगल्सच्या नावावर ७० सॅक (क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडणं) होते. सुपर बोलमध्ये महोम्सला त्यांना एकदाही पाडता आलं नाही. चीफ्स ३८-३५ ने जिंकले. (कोच अँडी रीडची आखणीही होतीच. शेवटच्या क्वार्टरमध्ये रिसीव्हर टोनी आणि मूर एंड झोनजवळ इतके मोकळे होते की तो पास कोणीही दिला असता.)

दुसरी गोष्ट टायमिंगची. कोच बिल वॉल्शने क्वार्टरबॅक मोंटानाकडून हेच घोटून घेतलं होतं. साधा स्लँट (रिसीव्हर तिरका आत वळतो तो पास) बघा. क्वार्टरबॅक तीन पावलं मागे येतो, तिसरं पाऊल टेकताच चेंडू सुटतो, तेव्हा रिसीव्हर जेमतेम आत वळलेला असतो. फेक माणसाकडे नसतेच, तो जिथे पोचणार त्या जागेकडे असते. पण तेवढी तीन पावलं तरी निवांत टाकू द्यायला समोर कोणीतरी छाती लावून उभं हवं ना?

फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये पुन्हा तेच. मुळात गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा गडी) असलेला थुनी नाइलाजाने डावा टॅकल म्हणून उभा. ईगल्सने एकदाही ब्लिट्झ न करता सहा सॅक काढले, चीफ्स ४०-२२ ने हरले. दोनच महिन्यांनी ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) पहिल्या फेरीत चीफ्सनी ओहायो स्टेट विद्यापीठाचा टॅकल जॉश सिमन्स उचलला. आणि आमच्या ग्रुपवर तक्रार काय? रिसीव्हर का नाही घेतला!