फॉरमॅट मारा म्हणे!

दुरुस्तीला आलेल्या त्या पोरानं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा पत्रासुद्धा काढला नाही. पत्रा जाऊ द्या, टेबलाखाली वाकूनही बघितलं नाही. बूट घालून आत आला, पॉवरचं बटण दाबलं, काळ्या पडद्यावर ते ठिपक्यांचं कडं गोल गोल फिरत असेपर्यंत स्वतःच्या मोबाईलवर अंगठा फिरवत बसला आणि मान वर न करता म्हणाला, "काका, विंडोज उडालीये. फॉरमॅट मारावं लागेल."

"कशानं उडाली?"

"उडते काका."

उडते! पाचशे रुपये व्हिजिट चार्ज आणि निदान काय, तर 'उडते'. वर पडद्यावर बोट टेकवून मला दाखवतोय, हे बघा इथं काय लिहिलंय. अरे बाबा, मला वाचता येतं. चष्मा आहे, पण येतं. आणि पडद्याला बोट लावणाऱ्या माणसांबद्दल माझी मतं घरातल्या सगळ्यांना पाठ आहेत. तो तेलकट ठसा अजून तिथंच आहे, पुरावा म्हणून पुसलेला नाही.

मी विचारलं, डेटाचं काय? तर म्हणे, "जाणार ना काका. बॅकअप असेलच ना तुमचा?" आहे ना, बॅकअप आहे. विमा आहे म्हणून घराला काडी लावतो का आपण? फॉरमॅट मारायला याला अर्धा तास. पुढचं कोण करणार? हिशोबाची टॅली पुन्हा टाका, लायसन्स पुन्हा चालू करा, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर शोधा, प्रिंटरचा ड्रायव्हर शोधा, आणि ते जुने मराठी फॉन्ट! सोसायटीच्या वीस वर्षांच्या नोटिसा ज्या फॉन्टात टाईप केल्यात, तो मशीनवर नसला तर 'सभासदांना कळविण्यात येते की' याच्या जागी नुसते कंस, टिंबं आणि उद्गारचिन्हं दिसतात. तसा आमच्या सभासदांना एरवीही त्यातून तेवढाच बोध होतो, ते सोडा.

मी खजिनदार आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी लावायची आणि नोटिशीबरोबर ताळेबंद वाटायचा. आणि ताळेबंद कुठं आहे? त्या ठिपक्यांच्या कड्यामागं. हे पोराला सांगितलं तर म्हणाला, "मग नवीन एसएसडी डिस्क टाकून देऊ?" म्हणजे दुखणं कळलं नाही तरी दुकानातला माल खपला पाहिजे. पाचशे घेऊन गेला. आणि रात्री मेसेज! 'आमच्या सेवेबद्दल कृपया ५ स्टार द्या.' खाली हात जोडलेले, गुलाबाचं फूल. सेवा!

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कारागिराचं उत्तर ठरलेलं असतं. पाण्याच्या फिल्टरवाला नळ सोडायच्या आधी सांगतो, "मेम्ब्रेन गेलंय." फ्रिजवाल्याचा गॅस संपलेला असतो. गॅस संपला नसेल तर कॉम्प्रेसर. यूपीएसवाला फोनवरच, मशीन न बघता, "बॅटरी बदला." इंटरनेटवाल्याला विचारा, "राउटर बंद करून चालू करा." मराठीसाठी म्हणून ३ दाबलं की पलीकडून "जी सर, बताइए". आणि लिफ्टवाला! तो तर बोर्डाचं झाकण उघडतो, आत बघून 'च्' करतो, झाकण लावतो आणि बिल देतो. हा 'च्' आमच्या सोसायटीच्या हिशोबात 'दुरुस्ती व देखभाल' या खात्यात पडतो आणि सभेत त्याचं उत्तर मला द्यावं लागतं.

प्रिंटरचं काढलंत तर रात्र होईल. काळी शाई भरलेली आहे, मला काळंच छापायचंय, पण निळी संपली म्हणून तो पावतीसुद्धा छापणार नाही. का? निळ्याचा काय संबंध? असो.

तर सेफ मोड, म्हणजे बिघाड शोधायला मशीन अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर चालू करायची सोय. पूर्वी किती सरळ मामला होता. मशीन चालू करायचं, एफ-८ वर टकटक करायची, पांढऱ्या अक्षरात यादी यायची, बाण खाली घेऊन एंटर. संपलं. मग २०१२ साली विंडोज ८ आलं आणि ही टकटक बंद झाली. कारण काय, तर म्हणे मशीन आता इतकं झटपट सुरू होतं, की ती की ओळखायला २०० मिलिसेकंदांहून कमी वेळ मिळतो आणि माणसाचं बोट तेवढ्यात पोचत नाही. इतकं झटपट! माझं मशीन चालू करून चहा टाकला, उकळला, गाळला तरी ते अजून 'कृपया थांबा' म्हणत असतं, आणि घाई झाली म्हणून माझी एफ-८ काढून घेतली.

मग आता सेफ मोडमध्ये जायचं कसं? सगळीकडे एकच सल्ला: शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करा. कुठल्या रीस्टार्टवर? विंडोजच्या मेन्यूमधल्या. अहो, तिथपर्यंत पोचता आलं असतं तर सेफ मोडमध्ये कडमडायला कशाला गेलो असतो मी? दुसरी युक्ती म्हणजे सुरू होता होताच बटण दाबून धरून मशीन आडवं पाडायचं, असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की त्याला स्वतःलाच संशय येतो आपली तब्येत बरी नाही म्हणून. ज्याला धक्का बसू नये म्हणून यूपीएस घेतला, त्यालाच हातानं धक्के द्यायचे, आणि हाच अधिकृत मार्ग. पुढं ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट, मग ४ दाबा. सरकारी दाखल्याला खिडक्या कमी असतात.

एवढं करून काय? पुन्हा ठिपके. मग एरर: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. म्हटलं, मोबाईलवर हाच एरर सर्च करू. केला. पान उघडलं. त्या पानावर लिहिलंय की कॉम्प्युटरमध्ये अडचण आली असावी. असावी! पूर्वी तिथं निदान एक रडका चेहरा असायचा. २०२५ मध्ये निळा पडदा काळा केला आणि तो चेहराही काढला. म्हणजे आधी मशीन आपल्याबरोबर रडत तरी होतं.

व्हिडिओ बघितले. 'हॅलो दोस्तों' पासून 'चॅनल को सबस्क्राइब' पर्यंत सगळं ऐकलं. दुरुस्तीच्या आज्ञा एकेक टाईप केल्या. चेकडिस्क झालं. एसएफसी स्कॅननाऊ झालं. बूटरेक, फिक्सएमबीआर, झालं. बूटरेक, फिक्सबूट? 'ॲक्सेस इज डिनाइड.' घर माझं, टेबल माझं, वीजबिल मी भरतो आणि मलाच मज्जाव.

भाच्याला फोन केला. तो बंगळुरात याच धंद्यात आहे, मोठ्या पगारावर. "मामा, अजून डेस्कटॉप? सगळं क्लाउडवर टाका ना." मी म्हटलं, ढगात गेलो तरी आधी हे मशीन चालू व्हायला हवं. तर म्हणतो, "फॉरमॅट मारा मामा, आणि क्लीन इन्स्टॉल करा. डोक्याला ताप नको." अरे, तूसुद्धा? चार वर्षं इंजिनिअरिंग केलंस ते यासाठी?

मला सांगा, १९ जुलै २०२४ आठवतंय ना? एका सुरक्षा सॉफ्टवेअरची अपडेट फसली आणि जगभरातले ८५ लाखांच्या आसपास कॉम्प्युटर एका दिवसात आडवे झाले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले. त्या दिवशी कुणी म्हणालं का, चला, ८५ लाख मशीन फॉरमॅट मारा? नाही. कुणीतरी डोकं लावलं, बिघडलेली फाईल शोधली, आणि मग माणसं एकेका मशीनपाशी बसून सेफ मोडमध्ये जाऊन ती फाईल काढत राहिली. दोष शोधला, मग इलाज केला. आमच्या हिशोबाच्या मशीनला एवढा मान नको, पण कुणी खाली वाकून बघायला काय हरकत होती?

या सगळ्यात बायकोच्या लॅपटॉपचाही विषय निघालाच. त्यानं मागं एकदा कुलूप उघडायला ४८ आकडी रिकव्हरी की मागितली होती, आणि ती कुठं मिळेल तर इंटरनेटवर, तुमच्या खात्यात. त्या खात्याचा पासवर्ड त्याच लॅपटॉपमध्ये. मी त्यावर तेव्हा बरंच बोललो होतो. परवा पुन्हा पहिल्यापासून बोललो.

"अहो," ती म्हणाली, "ते काही ऐकत नाहीये. ऐकतायत ते समोरचे." खरंच, समोरच्या फ्लॅटमधून फोन आला होता, 'काकू, कुणी आलंय का तुमच्याकडे? सगळं ठीक ना?' मी साठी ओलांडलेला गृहस्थ, बनियनवर, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि एका पत्र्याच्या डब्याला 'नालायका, बोल ना काय दुखतंय' असं खडसावतोय. नातवानं त्याचा व्हिडिओही काढलाय म्हणे. फॅमिली ग्रुपवर गेलाय. त्याला मात्र लगेच पाच-पाच स्टार.

शेवटी पत्रा मीच काढला. आत धुळीची गादी, आणि पंख्याच्या जाळीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. खंडेनवमीला आमच्याकडे स्कूटर, मिक्सर आणि कॉम्प्युटर अशा क्रमानं हळदकुंकू होतं, त्यातला हा प्रसाद. ब्रशनं सगळं झाडलं. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर नातवाचा खोडरबर फिरवला, हे शास्त्र आम्हाला नव्वदीतल्या असेंबलवाल्यांनी शिकवलंय, तेव्हाचे लोक निदान स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यायचे. ती बसवली, डिलीट की दाबत मशीन चालू केलं आणि बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर, उघडला.

कोपऱ्यात तारीख: १ जानेवारी २०१९.

घ्या! इतकं स्पष्ट. मदरबोर्डवरचा सेल मेलेला. सीआर २०३२, तो रुपयापेक्षा बराच फुगीर. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून २०३२. भिंतीतून वीज येत असते तोवर बायॉसला आपल्या सेटिंग्ज आठवतात. लाईट गेली की या सेलच्या जिवावर. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. यूपीएस थोडा वेळ चिं चिं करून गप्प झाला, सेल आधीच गेलेला, आणि बायॉस सगळं विसरून कारखान्यातल्या दिवसात जाऊन बसला. मशीन जोडणाऱ्यानं डिस्क रेड मोडवर (डिस्कशी बोलायची ही एक पद्धत) लावली होती, काय हौस होती देव जाणे. ती झाली एएचसीआय, म्हणजे दुसऱ्याच पद्धतीवर. विंडोज बिचारं आपली डिस्क शोधत फिरतंय, दारावरची पाटीच बदललेली. विंडोज उडालं नव्हतं, डिस्क ठणठणीत, ताळेबंद जागच्या जागी. त्या पोरानं डिलीट दाबून एकदा घड्याळ बघितलं असतं तर! आणि गंमत ही, की फॉरमॅट मारलं असतं तर मशीन चालूही झालं असतं. नव्या सेटिंगवर नवी विंडोज गुमान बसली असती. म्हणजे सगळं पुसून तो वर म्हणाला असता, बघा काका, म्हटलं होतं ना.

सेल कॉम्प्युटरच्या दुकानात नव्हता. "तो कुणी बदलत नाही काका," हे उत्तर. मिळाला कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे, पन्नास रुपयांच्या आत. त्या माणसानं आधी जुना सेल मीटरवर लावून बघितला, मान हलवली आणि मग नवा दिला. व्हिजिट चार्ज नाही, गुलाबाचं फूल नाही.

बसवला. रेड केलं. सेव्ह, एक्झिट. सुरू झालं, एका दमात. टॅली उघडली, ताळेबंद पेनड्राइव्हवर घेतला, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतला, मग बायकोला बोलावून दाखवला. ती म्हणाली, छान, आता जेवून घ्या.

जेवून आलो आणि मशीन बंद करायला गेलो, तर मेन्यूत बंद करायचा साधा पर्यायच दिसेना. काय तर 'अपडेट करा आणि बंद करा'. केलं. आता पडद्यावर लिहून आलंय, ३० टक्के, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. रात्रीचे पावणेबारा झालेत, आकडा मघापासून तिथंच आहे, आणि उद्या गुरुवार.